बाळंतपणातली पाठराखीण

आपल्या बोलण्यात बाळंतपणासाठी दोन शब्द फार सहज येतात. वेळ लागू लागला की ‘बाई अडली’ आणि मूल झालं की ‘बाई मोकळी झाली’. ही दोन्ही वाक्यं बोलणारी माणसं बहुधा दाराच्या बाहेर असतात. आत जो वेळ जातो, कधी चार तास, कधी अख्खी रात्र आणि वर दुसरा दिवस, त्याची चौकशी फारशी होत नाही. मुलगा की मुलगी, वजन किती, नॉर्मल की सिझर, एवढे तीन प्रश्न झाले की माणसं पेढ्यांकडे वळतात. गेली काही वर्षं मी ओळखीतल्या बाळंतिणींना एक चौथा प्रश्न विचारते. ‘त्या वेळी तुझ्याजवळ कोण होतं गं?’

बऱ्याच जणी क्षणभर थांबतात. मग म्हणतात, ‘सगळे होते की. आई, सासूबाई, हे, सगळे बाहेरच होते.’ बाहेर होते. आत डॉक्टर येऊन जात होते, सिस्टर येऊन जात होत्या, शेजारच्या टेबलावरची बाई ओरडत होती. जवळ बसलेलं असं कुणी नव्हतं.

बाळंत होणाऱ्या बाईजवळ बसून राहणं हेच जिचं काम, तिला आता जगभर ‘डूला’ म्हणतात. पुण्या-मुंबईत अशा शिकून तयार झालेल्या डूला काम करू लागल्या आहेत. शब्द ग्रीक आहे आणि त्याचा मूळ अर्थ दासी. डाना राफाएल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली स्तनपानावरच्या आपल्या पुस्तकात नव्या आईला सांभाळणाऱ्या बाईसाठी तो वापरला आणि तिथून तो रुळला. मला मात्र तो उसना घ्यावासा वाटत नाही, कारण आपल्याकडे याहून चांगला शब्द आहे. नवी नवरी सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण जायची. पाठराखीण काही संसार करून देत नसे. परक्या घरात एक ओळखीचा चेहरा असावा, रात्री अंथरुणावर पडल्यावर दोन शब्द बोलायला कुणी असावं, एवढ्यासाठी ती जायची. बाळंतपणातली पाठराखीण तशीच. ती नाळ कापत नाही, इंजेक्शन देत नाही, सिझर करा किंवा करू नका असं सांगत नाही. ते काम डॉक्टर-नर्सचं. ही कंबर चोळते, घोटभर पाणी पाजते, धरून चार पावलं चालवते, कूस बदलायला हात देते आणि ‘कळ ओसरतेय बघ’ असं सांगत राहते. मुख्य म्हणजे ती उठून जात नाही.

पूर्वी हे काम कोण करायचं? आमच्या सोलापुरात तीन भाषा एका गल्लीत नांदतात, त्यामुळे त्या बाईला नावंही तीन. मराठीत सुईण, तेलुगूत मंत्रसानी, कन्नडात सूलगित्ती. शेजारच्या कर्नाटकातल्या सूलगित्ती नरसम्मा यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी केलेल्या बाळंतपणांची संख्या पंधरा हजारांवर सांगितली जाते. त्याच वर्षी डिसेंबरात त्या वारल्या. पण अशा नरसम्मा गावोगाव नव्हत्या, हेही खरं. सुईण दोन कामं एकदम करायची. मूल बाहेर आणायची आणि बाईजवळ बसायची. दुसरं काम ती मायेने करी. पहिलं तिला दर वेळी जमेच असं नव्हतं, आणि न जमल्याची किंमत बाईच्या जिवाने मोजली जाई.

म्हणून तर दवाखाने आले. सोलापुरात कुठल्याही रिक्षावाल्याला डफरीन चौक म्हटलं की तो विचार न करता वळतो. ज्या डफरीनबाईंच्या नावाने तिथलं प्रसूतीचं इस्पितळ ओळखलं जातं, त्या व्हाइसरॉयच्या पत्नी. हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून त्यांनी १८८५ साली निधी उभा केला. पुढे १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी सुइणींना शिकवण्यासाठी वेगळा निधी काढला. तिथून इथवर यायला शतक लागलं, पण आपण आलो. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली निम्म्याहून कमी बाळंतपणं दवाखान्यात झालेली होती. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हे प्रमाण ९४.७ टक्क्यांवर गेलं. राज्यात एक लाख जिवंत जन्मांमागे २००१-०३ या काळात १४९ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. बँकेत मी आयुष्यभर आकडे तपासले, इतका समाधानाचा ताळेबंद क्वचित पाहिला. तेव्हा ‘आमच्या वेळी सगळी घरीच व्हायची, काही झालं नाही कुणाला’ असं कुणी म्हटलं, तर ज्यांना झालं त्या सांगायला उरल्या नाहीत, एवढंच उत्तर द्यावं.

पण हिशेबाचा दुसरा रकानाही पाहायला हवा. सुईणीचं पहिलं काम दवाखान्याने तिच्यापेक्षा कितीतरी चांगलं केलं. दुसरं काम मात्र या बदलीत कुणाच्याच नावावर चढलं नाही. डॉक्टरांना वेळ नाही, सिस्टरकडे चार टेबलं, आणि नातेवाइकांना आत मज्जाव.

माझं पहिलं बाळंतपण १९८९ च्या मे महिन्यातलं. सोलापूरचा मे म्हणजे काय ते इथल्या माणसांना सांगायला नको. रात्री अकराला मला आत नेलं. आई आणि यजमान बाहेरच्या बाकावर, आईच्या मांडीवर कॉफीचा थर्मास. आत रात्रपाळीची एक आया होती. तिचं नावही मी विचारलं नाही. ती माझ्या कमरेखाली पालथा हात घालायची आणि कळ आली की दाबून धरायची. सकाळी सहाला तिची पाळी संपली, ती पदर खोचून निघून गेली. मूल झालं नऊला. त्या मधल्या तीन तासांतलं मला फक्त समोरच्या भिंतीवरचं घड्याळ आठवतं. माझ्यावर उपचारात कसूर झाली असं मी म्हणणार नाही. मूल धडधाकट होतं, मीही होते. पण त्या आयाच्या हाताने नेमकं काय केलं, हे मला पुढे वाचनात कळलं.

ग्वाटेमालाच्या राजधानीतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात काही डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला होता. त्यांतले जॉन केनेल आणि मार्शल क्लाऊस हे दोघे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ. तिथेही बायका एकट्याच बाळंत होत. काही जणींजवळ एक बाई बसवली. ती ना नर्स होती, ना नात्यातली, पूर्ण अनोळखी. तिने फक्त जवळ बसायचं, हात धरायचा, बोलत राहायचं. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात आकडे आहेत. ज्यांच्याजवळ कुणी नव्हतं त्यांना दाखल झाल्यापासून मूल होईपर्यंत सरासरी १९.३ तास लागले, ज्यांच्याजवळ बाई बसली होती त्यांना ८.८ तास. प्रयोग लहान होता, म्हणून तो पुढे देशोदेशी करून पाहिला गेला. २०१७ साली १७ देशांतल्या पंधरा हजारांहून अधिक बायकांवरच्या अशा चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. इतका मोठा फरक सगळीकडे दिसला नाही, पण दिशा तीच होती. सतत सोबत असेल तर कळांचा काळ सरासरीने पाऊण तासाच्या आसपास कमी होतो, सिझर करावं लागण्याचं प्रमाण सुमारे पाव हिश्श्याने घटतं, वेदनाशामकं कमी लागतात, आणि ‘माझं बाळंतपण वाईट गेलं’ असं सांगणाऱ्या बायका कमी होतात. अपाय मात्र कुठेच दिसला नाही.

याच्यामागचं शरीराचं गणित फार गूढ नाही. गर्भाशयाच्या कळा ज्या रसाने येतात त्याला ऑक्सिटोसिन म्हणतात. बाई भ्यायली, तिला असुरक्षित वाटलं की शरीर पळण्या-झगडण्याची तयारी करतं, अॅड्रिनलिन वाढतं, आणि कळा मंदावू शकतात. कळा मंदावल्या की वेळ वाढतो, वेळ वाढला की भीती वाढते. माणूस खरोखर ‘अडतं’ ते असं. जवळची बाई हे चक्र तोडते. एखादी शेळी किंवा मांजरीसुद्धा व्यायला निवांत कोपरा शोधते, आणि आपण तिला त्रास देऊ नका म्हणून मुलांना दटावतो. इतकं शहाणपण आपल्यात होतंच.

आता योगाबद्दल. हल्ली दिवस गेलेल्या मुलींचे योगवर्ग सोलापुरातही भरतात. गर्भसंस्काराच्या वर्गांना तर गर्दी असते. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी सगळं लक्ष येणाऱ्या बाळावर असतं. ते बुद्धिमान व्हावं, तेजस्वी व्हावं. आईची कंबर दुखते का, तिला रात्री झोप लागते का, तिला कशाची भीती वाटते, हे विचारणारा वर्ग मला अधिक मोलाचा वाटतो. पुण्यात गीता अय्यंगार (१९४४-२०१८) यांनी स्त्रियांच्या योगाभ्यासावर जन्मभर काम केलं. त्या बी. के. एस. अय्यंगार यांच्या कन्या. त्यांच्या परंपरेत गरोदर बाईला लोड, कांबळ्यांच्या घड्या, खुर्ची, भिंत यांचा आधार देऊन आसनं करवतात. लोडावर रेलून केलेलं सुप्त बद्धकोनासन पाहिलं तर वाटतं, ही तर निवांत पडली आहे! तेच तर शिकवायचं असतं. नऊ महिन्यांत बाईला विसावता यावं.

योगाने नक्की काय होतं? बंगळुरूच्या एका प्रसूती रुग्णालयात ३३५ गरोदर बायकांवर झालेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने रोज तासभर योग केला, दुसऱ्याने अर्धा-अर्धा तास दोनदा चालण्याचा व्यायाम. योग करणाऱ्यांत अडीच किलो आणि त्याहून जास्त वजनाची बाळं अधिक होती आणि दिवस भरण्याआधीच कळा सुरू होण्याचं प्रमाण कमी होतं. मात्र गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, तेव्हा या निष्कर्षाला थोडं सबुरीनेच घ्यावं. योग केला म्हणजे नॉर्मलच होणार, अशी हमी कुणी देत असेल तर तिथून उठून यावं. सिझर करावं लागणं हे कुणाचं अपयश नव्हे.

योगाची खरी कमाई कळांच्या वेळी हाती येते. एक कळ साधारण मिनिटभर टिकते. सावकाश घेतलेले आणि त्याहून सावकाश सोडलेले सहा-सात श्वास झाले की ती ओसरते. ज्या मुलीने पाच महिने रोज असा श्वास सोडायचा सराव केला आहे, भ्रामरीत ओठ मिटून लांब हुंकार दिला आहे, तिला त्या मिनिटात धरायला काहीतरी असतं. पाठराखिणीलाही असतं, कारण ती शेजारी बसून तोच श्वास घेऊ शकते. पथ्यंही सांगायला हवीत. कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडून धरणं, पोटावर झोपून करायची आसनं या दिवसांत नकोत. रक्तस्राव झाला असेल, वार खाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सतरंजीसुद्धा उलगडू नये.

आमच्या शहरात मात्र एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. नोकरीची काही वर्षं मी शहराच्या पूर्व भागातल्या शाखेत काढली. तिथे खातेदार बहुतेक विडी कामगार बायका. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू, आणि हजार विड्या होईपर्यंत बैठक मोडायची नाही. आठवा महिना लागला तरी तेच. आता हिला जर कुणी सांगितलं की मांडी घालून बसण्याने कटिभाग मोकळा होतो, तर ती काय म्हणेल? कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. व्यायामात शरीर आपल्या मर्जीने वाकतं आणि नंतर विसावतं. हिच्यासाठी पहिलं आसन म्हणजे पाय लांब करून डाव्या कुशीवर पडणं, आणि त्यासाठी लागते ती सुट्टी. हा विचार नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरण्यांतल्या कामगार स्त्रियांना प्रसूतीचा लाभ देण्याचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली कायदा झाला. आज नोकरदार बाईची रजा २०१७ पासून १२ आठवड्यांची २६ आठवडे झाली आहे. घरात बसून विड्या वळणारीच्या वाट्याला त्यातलं किती येतं, हे पूर्व भागात एक चक्कर मारली की दिसतं.

माझ्या लेकीचं बाळंतपण पुण्यात झालं, तेव्हा तिने डूला ठेवली होती. फी ऐकून माझ्यातली बँकवाली जागी झाली, हे कबूल करते. पण त्या बाईंनी रात्रभर केलं ते पाहिलं आणि रकमेबद्दल अवाक्षर काढलं नाही. जावईही आत होते, त्यांनाही त्या बाईंनी कामाला लावलं होतं. मनात मात्र एक हिशेब चालूच राहिला. ज्यांना ही फी परवडत नाही त्यांनी काय करायचं?

याचं उत्तर सरकारी कागदावर केव्हाच लिहून झालं आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी दवाखान्यांत बाळंत होणाऱ्या बाईबरोबर सोबतीण आत ठेवायला मान्यता दिली. अटी साध्या आहेत. ती नात्यातली बाई असावी आणि स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी, डॉक्टर-नर्सच्या कामात आणि दुसऱ्या बाईच्या टेबलाकडे तिने लुडबूड करू नये. जिथे आडोसा आहे तिथे नवऱ्यालाही थांबता येतं. पुढे ‘लक्ष्य’ या प्रसूतिगृहं सुधारण्याच्या योजनेतही सोबतीण आली, आणि २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी अशी शिफारस केली. खर्चाच्या रकान्यात जवळजवळ शून्य. एक स्टूल आणि दोन टेबलांच्या मध्ये एक पडदा.

सोलापुरात तर याची गरज दुप्पट. कळा देणारी मुलगी तेलुगू बोलणारी, सिस्टर मराठी, शेजारच्या टेबलावर कन्नड. ‘जोर लाव’ आणि ‘आत्ता लावू नको’ यांतला फरक त्या घटकेला भाषेवाचून कसा कळणार? जवळ आई किंवा आत्या असेल तर निम्मं काम सोपं होतं. आणि अशी सोबत करायला शिकलेली बाईच लागते असंही नाही. आमच्या जिल्ह्याच्या सीमेलगत जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. गरोदर बाईच्या घरी जाणं, तिच्याजवळ थांबणं, धोक्याची खूण ओळखून वेळेत दवाखाना गाठणं हे त्या शिकल्या आणि पुढे शिकलेल्या लोकांना शिकवू लागल्या. २००५ नंतर आलेल्या आशाताई त्याच वाटेवरच्या. गरोदर बाईची नोंद करतात, तपासण्यांना नेतात, रात्री-अपरात्री तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत येतात. त्याच्या पुढची पावलंही कुणीतरी चालायला हवीत.

मूल झाल्यावर पाठराखिणीचं काम संपत नाही. आपल्याकडे ते काम सव्वा महिन्याचं माहेर करत असे. तेल लावायला येणारी बाई, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, आणि ‘तू झोप, मी बघते त्याला’ म्हणणारी आई. त्यातलं काय ठेवावं आणि काय सोडावं, हेही आता माहीत आहे. पहिला चीक फेकू नये, तो बाळाला पाजावा. बाळंतिणीचं पाणी तोडू नये. बंद खोलीत शेगडीचा धूर नको. योगही लगेच नको. आधी नुसता श्वास, मग डॉक्टरांच्या परवानगीने हळूहळू बाकीचं. सिझर असेल तर आणखी सबुरीने. पण तेल लावणारीचा हात आणि आईचं वाक्य, ही दोन औषधं सोडू नयेत. नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के बायकांना नैराश्यासारखा मनाचा आजार गाठतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरीब देशांत हे प्रमाण अधिक आहे. हिंजवडीच्या बाराव्या मजल्यावर दिवसभर बाळाबरोबर एकटी असलेल्या मुलीला बारशाच्या चांदीच्या वाळ्यांपेक्षा ताजं जेवण आणि दोन तासांची झोप यांची गरज असते. भेटायला जाणाऱ्यांनी डबा न्यावा, बाळ कुणावर गेलं आहे याची चर्चा आवरती घ्यावी आणि निघताना भांडी घासून निघावं.

आपल्या घरांत कुणाला दिवस गेले की यादी करायची आपली पद्धत आहे. डोहाळजेवणाचा बेत, डॉक्टरचं नाव, ब्लडग्रुप, गाडी कुणाची, पैसे किती काढून ठेवायचे. या यादीत आणखी एक ओळ घाला आणि ती सातव्या महिन्याच्या आधी भरा. दवाखान्यात नाव नोंदवतानाच विचारा, भिडस्तपणा न करता विचारा, आणि मुलीलाही विचारा, कारण माणूस तिच्या पसंतीचं हवं: आत हिच्याजवळ कोण बसणार?